सुरीला दाद न देणारे आंबे

एक होता राजा. इतर राजांसारखाच होता, फक्त अख्खं फळ त्यानं जन्मात कधी तोंडाला लावलं नव्हतं. पेरू असो, चिकू असो, त्याला फोडी लागायच्या. केळ्याच्यासुद्धा, बरं का. हसू नका, राजाचं घर आहे ते.

एकदा काय झालं, शेजारचा राजा जेवायला आला. ताटात आंब्याच्या फोडी होत्या. पाहुण्याच्या दातात अडकला आंब्याचा दोरा. पाहुणा ओढतोय, दोरा येतोय. पाहुणा घोड्यावर बसून घरी पोचला, तरी एक टोक त्याच्या दातात आणि दुसरं इकडे ताटात! मुलखात हसं झालं. मग राजानं दवंडी पिटवली, "गावोगावची झाडं तपासा. ज्याचा आंबा सुरीनं नीट कापला जाणार नाही, ते झाड त्याच दिवशी, सूर्य बुडायच्या आत पाडा."

आता डोंगराच्या पोटाशी होती यमाक्काची आमराई. झाडं सगळी रायवळ. म्हणजे कुणी कलम बांधलेलं नाही. कोय पडली, झाड आलं. त्यामुळे प्रत्येकाची चव निराळी आणि प्रत्येकाला नाव. शेपूचा वास येतो तो शेप्या. खोबऱ्यासारखा लागतो तो खोबऱ्या. आणि बारकी गोल फळं धरते ती गोटी.

यमाक्का कुणाला आंबा काढून देत नसे. ज्याला हवा त्यानं यावं, झाडाला नावानं हाक मारावी. फांदी आपली आपण खाली येई. हातानं तोडावा, तिथंच बसून चोखावा. यमाक्काला मूलबाळ नव्हतं. सकाळी उठली की आधी झाडांची विचारपूस, मग चूल.

तिथं आला राजा. बरोबर प्रधान, सेनापती आणि कुऱ्हाडी घेतलेले लाकूडतोडे.

आधी प्रधानानं शेप्याला हाक मारली. फांदी खाली आली. त्यानं आंबा तोडून सुरी लावली, तर शेप्यानं सगळा रस परत झाडात ओढून घेतला. प्रधानाच्या हातात उरलं साल आणि दोऱ्यांचा झुपका.

"पाडा," प्रधान म्हणाला.

मग सेनापती खोबऱ्याकडे गेला. त्याला सुरी कमीपणाची वाटली. त्यानं तलवारच घातली. आंब्यानं तलवार जी आवळली, ती सोडेचना. सेनापती आंबा मिरवत बागभर फिरला.

"पाडा," सेनापती म्हणाला.

यमाक्का पुढे झाली. "अहो, तलवारीनं कुणी आंबा खातं का? तोंड कशाला दिलंय देवानं?" पण तिचं ऐकतो कोण!

मग उरली गोटी आणि उरला राजा. ऊन चढलेलं. राजाच्या पोटात भुकेनं कावळे ओरडायला लागले. राजा म्हणाला, "ए झाडा, फळ दे."

फांदी जागची हलली नाही.

"नावानं मारा हाक," यमाक्का म्हणाली.

"गोटी! हजर हो!"

छे! एक पान हललं असेल तर शपथ.

"महाराज, दरबारात मारता तशी नको. घरात मारतात तशी मारा."

राजानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "अगं गोटे, ये की गं."

फांदी अशी काही वाकली की राजाच्या नाकालाच आंबा टेकला. त्यानं तो तोडला आणि सुरी मागायला हात पुढे केला. यमाक्कानं त्या हातावर हलकीच चापट मारली. राजाला आईनंतर कुणी चापट मारली नव्हती. त्यानं हात मागे घेतला.

"आता हळूहळू मऊ करा. हं, तसं. देठाकडचा चीक पिळून टाका. आता लावा तोंड."

राजानं तोंड लावलं आणि डोळे मिटले. रस हनुवटीवर आला, कोपरापर्यंत गेला, तिथून शेल्यावर. राजानं कोपर चाटलं. प्रधानानं सभ्यपणे दुसरीकडे पाहिलं.

तेवढ्यात राजाच्या तोंडच्या हुकमासाठी थांबलेल्या लाकूडतोड्यांनी विचारलं, "महाराज, पाडायची ना झाडं?"

आली का पंचाईत! राजाचा हुकूम, तो मागे कसा घ्यायचा? यमाक्का तर गोटीच्या बुंध्याला मिठी मारून उभी. राजानं कोय शेवटची चोखली, नीट बाजूला ठेवली आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "पाडायची तर आहेतच. पण भरल्या झाडाला कुऱ्हाड लावणं बरं दिसत नाही. काय, यमाक्का?"

"मुळीच बरं दिसत नाही, महाराज."

"मग आधी आंबे उतरवा. आणि वाया घालवू नका. चोखून संपवा."

मग काय! जो तो झाडांना घरच्यासारख्या हाका मारायला लागला. कुणी "शेप्या रे", कुणी "खोबऱ्या बाळा". इतक्या लाडानं झाडांना कधी कुणी बोलावलं नव्हतं. ती अशी फुलून आली की एक आंबा तोडावा, तिथं दोन लटकावेत. सूर्य बुडाला तरी आंबे काही संपले नाहीत.

"आजचं काम राहिलं," राजा म्हणाला. "हुकूम सूर्य बुडायच्या आतला. आता पुढच्या मोसमात या."

हुकूम काही मागे घेतलेला नाही, बरं का. दरवर्षी लाकूडतोडे कुऱ्हाडी खांद्यावर टाकून येतात, दिवसभर आंबे उतरवतात, आणि सूर्य बुडाला की हात धुऊन घरी जातात. देखरेखीला राजा जातीनं हजर असतो, शेला घरी ठेवून. यमाक्का सुखात, राजा सुखात, लाकूडतोडे सगळ्यांत सुखात.

झाडांनी आता फांद्या वर घेतल्या, निजली ती. तुम्हीही पाय पांघरुणात घ्या आणि निजा.