बी ओलं आहे तोवर

त्या रानात मत फक्त शिंगवाल्यांना होतं. हरिणींना शिंगं येत नसत, म्हणून त्यांना मत नसे, आणि ही गोष्ट इतकी जुनी झाली होती की ती कुणाला खटकतही नसे. सभेत प्रश्न निघाला की शिंगवाले शिंगं जमिनीवर आपटत. ज्या बाजूचा आवाज मोठा, ते जनमत.

रानाखाली एक दरी होती. तिथलं गवत गोड होतं आणि वयात येणारं प्रत्येक पाडस कधी ना कधी तिथे जातच असे. त्या गवतात एक चिकट बी होतं. नरांच्या राठ केसांवरून ते घसरून पडे, हरिणींच्या मऊ केसांत मात्र अडकून बसे. ओलं असेपर्यंत त्याने काही बिघडत नसे. वाळलं की ते पाठीत रुजे, त्याची मुळं चारही पायांतून जमिनीत उतरत आणि पाठीवर झाड वाढू लागे. मग ती हरिणी वर्षानुवर्षं जागची हलत नसे. ज्यांना झाड हवं असे त्या पाण्याजवळची जागा बघून, मैत्रिणींना सांगून, मनाची तयारी करून बी रुजू देत, आणि त्यांची झाडं डेरेदार होत. ज्यांना नको असे त्यांच्यासाठी एक कडू पान होतं. ते चावून पाठ चाटली की ओलं बी गळून पडे. थोडा वेळ मळमळे, बाकी काही नाही. रुजलेल्या बीवर मात्र त्या पानाचा काहीच उपयोग नव्हता.

हे पान एका उंच झाडावर येई, आणि त्या झाडावर एक वानर राही. हरिणी खाली येऊन उभी राहिली की तो एक डहाळी टाके. शेंगा खाता खाता टाके आणि विसरून जाई.

एका वर्षी सभेला याची काळजी वाटू लागली. "कोवळ्या पोरींनाही तो असंच पान देतो?" एका म्हाताऱ्या शिंगवाल्याने विचारलं. देतो, असं कळलं. मग काय, सगळ्यांना एकदम संस्कार आठवले. कुणी म्हणाला, पान इतकं सहज मिळालं तर पोरी रोज दरीत जातील. कुणी म्हणाला, त्या पानाने खूर गळतात. त्याने ते पान जन्मात पाहिलं नव्हतं. मोठ्या हरिणींचं ठीक आहे, पण पोरींना कशाला, यावर बहुतेकांचं जमलं. पान कुणाला माहीत होण्याच्या कितीतरी आधीपासून दरीची वाट तुडवून तुडवून पांढरी पडली होती, आणि या सभेतल्या प्रत्येकाचे खूर तिच्यावर उमटले होते. ते कुणाच्या तोंडून निघालं नाही. कडेला हरिणी उभ्या होत्या. त्यांतल्या निम्म्या तरी कधीकाळी त्या वानराच्या झाडाखाली जाऊन आल्या होत्या. त्याही मूग गिळून बसल्या. शिंगं आपटली गेली, धूळ उडाली आणि ठरलं, की कोवळ्या हरिणीने पान मागितलं तर वानराने आधी चौकशी करावी आणि तिला आईला घेऊन यायला सांगावं.

वानराला सुरुवातीला हे जड गेलं. मग त्याची गोडी लागली. आजवर त्याला कुणी काही समजत नव्हतं, आणि आता त्याच्या एका प्रश्नावर समोरचीचं सगळं अडत होतं.

त्या कळपात झुळकी नावाची एक तरुण हरिणी होती. धावण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. दर वर्षी काही तरुण हरणं नवं कुरण शोधायला नदीपलीकडे जात, आणि त्या वर्षी त्यांत तिची निवड झाली होती. तिला दुसरं काही सुचत नव्हतं. भेटेल त्याला ती नदीबद्दल विचारी. तिच्याबरोबर गेरू नावाचा एक नरही निवडला गेला होता. निघायच्या दिवशी सकाळी दोघं दरीत चरायला गेली. वर आली तेव्हा झुळकीच्या पाठीवर एक बी होतं. गेरूच्या पाठीवर अर्थातच काही नव्हतं.

"वानराकडे जाऊन ये," तो म्हणाला. "मी नदीवर थांबतो."

झुळकी झाडाखाली आली आणि तिने पान मागितलं. वानराने हातातली शेंग बाजूला ठेवली.

"दरीत गेली होतीस? कुणाबरोबर?"

तो मुद्दाम मोठ्याने विचारत होता. पलीकडे चरणाऱ्या हरिणींनी माना वर केल्या.

"बी अजून ओलं आहे," झुळकी हळूच म्हणाली. "टाक ना एक डहाळी. तुझं काय जातंय?"

"माझं काही जात नाही गं. पण कळप काय म्हणेल? आईला घेऊन ये."

बोलताना डहाळी त्याच्या हातातच होती.

झुळकीची आई चार जणींत उभी होती. बोलणं नेमकं दरीत जाणाऱ्या पोरींवरच चाललं होतं. अशांना कळपाबाहेर काढायला हवं, असं एक जण म्हणत होती आणि आई मान डोलावत होती. झुळकी तिच्यामागे जाऊन उभी राहिली, लांब गेली, परत आली. ऊन चढत होतं. पाठीवरचं बी आकसतंय हे तिला कळत होतं. शेवटी तिने आईच्या कानाशी तोंड नेलं. आई धावत सुटली.

"दे," झाडाखाली येऊन ती म्हणाली. वानराने या वेळी अख्खी फांदीच टाकली. आईने पानं चावली, लेकीची पाठ चाटली, पुन्हा चाटली, जीभ सोलवटेपर्यंत चाटली. बी हललं नाही.

"मी आले होते तेव्हा तू काही विचारलं नव्हतंस," वर न बघता ती म्हणाली.

"तेव्हा मला कुणी विचारायला सांगितलं नव्हतं," वानर म्हणाला. "आणि त्या सभेला तूही होतीस की."

आई पुन्हा पाठ चाटू लागली. झुळकीने पाऊल उचलायचा प्रयत्न केला, पण ते उचललं गेलं नाही. खाली सगळा मुरूम होता आणि पाणी लांब होतं. गेरूने नदीवर थोडा वेळ वाट पाहिली आणि मग तो बाकीच्यांबरोबर पलीकडे गेला.

सभेने या गोष्टीची दखल घेतली. पोरीचं वाटोळं झालं म्हणून सगळे हळहळले. पाणी मात्र कुणी आणलं नाही; तोंडात धरून घोटभर पाणी आणायची ती एकटी आई, आणि त्यातलं अर्धं वाटेत सांडायचं. म्हाताऱ्या शिंगवाल्याने सांगितलं, की आपला नियम किती योग्य होता हे यावरून दिसतंच. चौकशी असताना पोरी अशा वागतात, मग ती नसती तर काय केलं असतं? हे तो झुळकीच्या समोर उभा राहून बोलला, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. चीड येते ती या माना डोलावण्याची.

पुढच्या वर्षी नदीपलीकडे गेलेली हरणं परत आली. गेरूने मोठं कुरण शोधून काढलं होतं, त्याचं सगळीकडे नाव झालं होतं. त्याला शिंगंही फुटली होती, पण ती अजून मऊ सालीत गुंडाळलेली होती. ती साल घासून काढल्याशिवाय सभेत बसता येत नसे, आणि घासायला कोवळं खोड लागे. त्याने इकडेतिकडे पाहिलं. झुळकीच्या पाठीवरचं झाड बेताच्या उंचीचं होतं.

तो घासू लागला. झुळकीने मान वळवली.

"गेरू, नदी कशी आहे रे?"

"हलू नकोस जरा," तो म्हणाला.

शिंगं लख्ख झाली तेव्हा सभा भरली होती. पोरींना चौकशीशिवाय पान द्यावं का, हा प्रश्न कुणीतरी पुन्हा काढला होता. द्यायचं नाही, या बाजूने शिंगं आपटली गेली. त्या दिवशी सगळ्यांत मोठा आवाज गेरूच्या शिंगांचा होता. इकडे झुळकीच्या खरवडलेल्या खोडाला त्याच्या शिंगांवरच्या सालीच्या चिंध्या लोंबत होत्या.