कापसाच्या आळीतले रांजण

माझ्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असतील, त्याबद्दल आधीच माफी मागतो. शाळा सातवीत सुटली, त्यामुळे शब्दही साधेच आहेत. पण ही गोष्ट आमच्या इमारतीतल्या मुलांना सांगितली तेव्हा ती शेवटपर्यंत जागची हलली नाहीत, म्हणून लिहून काढली.

एका शहरात कापसाची एक आळी होती. घरं तीस, आणि सगळ्या घरांत गाद्या भरायचं काम. दिवसभर कापूस पिंजून पिंजून त्याचे ढग होत. त्या आळीची एक जुनी रीत होती. घरात पाणी ठेवायचं नाही. कापूस भिजला की गादीला कुबट वास येतो आणि गिऱ्हाईक परत फिरतं. स्वयंपाकापुरती एक घागर असे, तीही परसात. तहान लागली तर लोक आळीच्या टोकाला विहिरीवर जात.

त्या आळीत येसूमावशी नावाची एक विधवा बाई राहत होती. तिचं माहेरही अशाच कापसाच्या आळीत होतं. ती आळी एका दुपारीत जळून गेली होती. एकदा सगळे जमले असताना मावशी म्हणाली, "प्रत्येक दाराशी पाण्याचा रांजण ठेवू या. आणि दर शनिवारी प्रत्येक घरानं एक ओंजळ पिंजलेला कापूस देवळाच्या दगडी कोठीत टाकायचा. ज्याच्या घरावर संकट येईल, त्याला त्यातून उभं करायचं."

रंगोबा हा आळीतला सगळ्यात तरबेज कारागीर. तो म्हणाला, "मावशी, शुभ बोला की! संकटाचं नाव काढलं तर ते पत्ता विचारत येतं."

"माझ्या माहेरी कुणीच नाव काढलं नव्हतं," मावशी म्हणाली. "तरी आलं. पत्ता त्याला पाठ होता."

लोक हसले. रंगोबा मात्र हट्टाला पेटला. "आणि तुमच्या रांजणानं माझा कापूस भिजवला तर?"

"तर मी ही आळी सोडून जाईन."

मग कुणी हसलं नाही. त्या एका घराशिवाय मावशीला जगात दुसरा आसरा नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. रंगोबालाही नाही म्हणता येईना.

दाराशी रांजण आले. दर शनिवारी मावशी थाळी वाजवायची. थाळी वाजली की प्रत्येक घरातल्या दोघांनी रांजणाकडे धावायचं, मुलांनी म्हाताऱ्यांना हाताला धरून विहिरीकडे न्यायचं, बायकांनी घोंगड्या ओल्या करायच्या. रंगोबा ओरडायचा, "मावशी, आज आग कुठं लागलीय? माझ्या पोटात लागलीय, जेवायला सोडा!" कोठीत ओंजळ टाकायची वेळ आली की तो सरकी राहिलेला, गाठाळ कापूस टाकायचा. मावशी बघायची आणि ती ओंजळ कोठीच्या कोपऱ्यात वेगळी सारायची.

असे दहा-अकरा महिने गेले. वैशाखातली दुपार होती. जोराचा वारा सुटला आणि आळीबाहेरच्या भडभुंज्याच्या भट्टीतली ठिणगी रंगोबाच्या गवती छपरावर पडली. छप्पर धडधडून पेटलं.

थाळी वाजली. आणि गंमत म्हणजे कुणालाच काही सांगावं लागलं नाही. पाय आपोआप धावले. म्हातारे विहिरीशी पोहोचले, घोंगड्या शेजारच्या छपरांवर पडल्या, घागरी भरल्या.

पण रंगोबाच्या दारात सगळे थबकले. आत छपरापर्यंत पांढऱ्याशुभ्र कापसाचा ढीग होता, राजवाड्याच्या गाद्यांसाठी पिंजलेला. वरून जळतं गवत खाली गळत होतं. ढिगानं पेट घेतला तर वारा तो साऱ्या आळीवर उडवणार. तरीही कापसावर पाणी ओतायला कुणाचा हात होईना. आज्या-पणज्यांपासून असं कुणी केलंच नव्हतं.

मावशी भरली घागर घेऊन उभी होती. "रंगोबा, तुमचा कापूस आहे. ओतू का?"

रंगोबानं एकदा ढिगाकडे पाहिलं. मग मावशीच्या हातातली घागर ओढून घेतली आणि आपल्याच कापसावर उपडी केली. "आणा रे! अजून आणा!"

मग घागरीमागून घागर आली. रांजण रिकामे झाले आणि आग विझली. रंगोबाचं अर्धं छप्पर गेलं, पण बाकीच्या एकोणतीस घरांना झळ लागली नाही. कुणाच्या अंगाला साधा फोडही आला नाही.

सगळे आनंदानं ओरडत असताना मावशी घरात गेली आणि गाठोडं घेऊन बाहेर आली. "कापूस भिजला. बोलले होते तसं वागते."

काजळीनं काळाठिक्कर झालेला रंगोबा तिच्या वाटेत आडवा उभा राहिला. "मावशी, ओला कापूस उन्हात वाळतो. राखेला कुठलं ऊन दाखवू? ठेवा ते गाठोडं खाली."

त्याच संध्याकाळी कोठी उघडली. आत पांढरा कापूस भरलेला होता, आणि कोपऱ्यात रंगोबाच्या गाठाळ ओंजळी. तो मान खाली घालून म्हणाला, "मला माझा तेवढा द्या."

"तुम्ही एकही शनिवार चुकवला नाही," मावशी म्हणाली. "चांगलाच घ्या. फक्त पुढच्या शनिवारी सरकी काढून आणा."

सगळी आळी हसली, आणि सगळ्यात मोठ्यानं रंगोबा हसला. आळीनं मिळून छप्पर घातलं आणि राजवाड्याच्या गाद्या ठरल्या दिवशी वाजतगाजत गेल्या. मिरवणुकीत सगळ्यांत पुढे रंगोबा होता, मावशीची थाळी बडवत.

तात्पर्य: संकटाचं नाव घेतल्यानं ते येत नाही, आणि न घेतल्यानं टळत नाही. बऱ्या दिवसांत सगळ्यांनी मिळून केलेली तयारीच वाईट दिवशी घर वाचवते.

गोष्ट सांगितली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या जिन्याखालच्या लाल बादल्या बाहेर काढल्या. वाळूच्या जागी विड्यांची थोटकं होती. बादल्या धुतल्या, वाळू भरली. मग घरी गेलो आणि आईनं "अभद्र नको" म्हणून कपाटावर टाकायला लावलेला घराच्या विम्याचा फॉर्म खाली काढला. तिच्यासमोरच बसून भरला. सही करायला पेन तिनंच शोधून दिलं.