हिवाळ्याला हाकलणारं गाव

फार पूर्वीची आणि फार लांबची ही गोष्ट. समुद्रापलीकडे एक मुलूख होता, पोळपाटासारखा सपाट. ना डोंगर, ना टेकडी. नुसती मक्याची शेतं, आणि त्या शेतांच्या मधोमध बारा घरांचं एक गाव.

तिथली हवा मोठी लहरी. उन्हाळ्यात अंगाची लाही लाही, आणि मका तर इतका भराभर वाढायचा की पानांची करकर ऐकू यायची म्हणे! हिवाळ्यात मात्र बर्फ थेट खिडकीपर्यंत. वारा सुटला की त्याला अडवणार कोण? माणसं चार-पाच महिने चुलीपाशी कोंडलेली, एकमेकांची तोंडं बघून कंटाळलेली.

म्हणून त्या गावाची एक रीत होती. हिवाळा संपून पहिली ऊब आली, की प्रत्येकाने घरातलं उरलंसुरलं सरपण चौकात आणायचं, मध्ये खांब रोवून त्याभोवती रचायचं आणि पेटवून द्यायचं. आपल्या होळीसारखंच की! पण अट अशी, की घरात एक ओंडकासुद्धा ठेवायचा नाही. ठेवला तर थंडीला वाटतं, आपल्याला बोलावलंय, आणि ती परत येते. खांब रोवायचा आणि आग लावायची, हा मान दरवर्षी एकाचा.

त्या वर्षी मान होता खांबवाल्या मावशीचा. गावातल्या शेतांना कुंपणं घालायची, खड्डे खणून खांब रोवायचे, हा तिचा धंदा. नवरा नव्हता, मूलबाळ नव्हतं, एकटा जीव. वीस वर्षं ती या मानाची वाट बघत होती. सगळा हिवाळा बसून तिने त्या दिवसासाठी लालभडक शाल विणली होती.

आणि एक दिवस काय झालं, सकाळी सकाळी ऊन पडलं! असं तसं नाही, चांगलं कोवळं, पाठ शेकणारं ऊन. छपरांवरून पाणी ठिबकायला लागलं, गल्लीतून ओहोळ धावायला लागले. दुसऱ्या दिवशीही ऊन, तिसऱ्या दिवशीही ऊन! मग काय विचारता? गाव नुसतं वेडं झालं. बेकरीवाला नुसत्या सदऱ्यावर बाहेर येऊन नाचू लागला. पाटलांनी, म्हणजे तिथल्या गावप्रमुखाला आपण पाटीलच म्हणू या, डोक्यावरची कानटोपी काढून छपरावर भिरकावली.

"गेला रे गेला! हिवाळा गेला! आणा सरपण!"

अर्ध्या तासात चौकात लाकडांचा डोंगर झाला. ढोल वाजायला लागला. मावशी लाल शाल पांघरून आली, आपलंही सरपण हातगाडीत भरून घेऊन आली. तिचा आनंद गगनात मावत नव्हता. तिने पहार उचलली आणि खांबासाठी पहिला घाव घातला.

खण्ण!

मावशी दचकली. चार पावलं सरकून तिने पुन्हा घाव घातला. पुन्हा खण्ण! वर चार बोटं चिखल, आणि खाली जमीन दगडासारखी गोठलेली. जन्मभर खड्डे खणलेली बाई ती. हिवाळा खरंच गेला, की पहार कशी लोण्यात सुरी जावी तशी आत जाते, हे तिच्या हातांना पाठ होतं.

"पाटील," ती म्हणाली, "हिवाळा अजून गेलेला नाही. खाली जमीन गोठलेलीच आहे. आठ-दहा दिवस थांबू या."

ढोल थांबला.

"अगं, मग दगड लाव आणि टेकव खांब!" पाटील हसत म्हणाले. "तेवढ्यासाठी सण थांबवतेस?"

"खांब टेकवता येईल हो. पण थंडी उलटली तर चुलीत काय घालणार?"

"मावशी, डोळे उघडून बघा तरी!" बेकरीवाला ओरडला. "मी सदऱ्यावर उभा आहे, आणि तुम्हाला थंडी दिसतेय?"

सगळे खो खो हसले. मावशीला काय नाचायचं नव्हतं? वीस वर्षं वाट बघितलेला दिवस! नुसती काडी लावायची, की टाळ्या, ढोल, गळ्यात हार. एक काडी फक्त.

"पेटवतेस की नाही?" पाटलांनी शेवटचं विचारलं.

"नाही," मावशी म्हणाली.

"मग मान बेकरीवाल्याचा!"

गावाने जल्लोष केला. मावशीने गुपचूप आपली हातगाडी वळवली, लाकडांसकट. ते बघून मात्र लोकांच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो, ही सरपण परत नेतेय! थंडीला आवतण देतेय!" कोणी तिला अपशकुनी म्हणालं, कोणी तोंड फिरवलं. मागे आग भडकली, ढोल घुमला, माणसं फेर धरून नाचली. मावशी घरी जाऊन शालीत तोंड खुपसून रडली. रडता रडताही तिचे पाय ढोलाच्या तालावर हलत होते, काय करणार!

तिसऱ्या दिवशी दुपारी वारा फिरला.

आधी उत्तरेकडचं आभाळ काळंठिक्कर पडलं. मग असं हिमवादळ सुटलं, की स्वतःचा हात स्वतःला दिसेना. तासाभरात ओहोळ गोठले, दारं बर्फाने लिंपली गेली. अकरा घरांतल्या अकरा चुली थंडगार. कोणी खुर्ची जाळली, कोणी पाट जाळला, पण तेवढ्याने काय होतंय?

मावशीच्या दारावर थापा पडल्या. तिने दार उघडलं, तर समोर बेकरीवाला. दात कडकड वाजताहेत, आणि छातीशी पिठाच्या पोत्यात गुंडाळलेलं त्याचं तीन महिन्यांचं बाळ. त्याच्यामागे बायको, तिच्यामागे पाटील, आणि मग एकमेकांचे हात धरून साखळीने आलेलं अख्खं गाव.

"मावशी, तुम्ही लाकडं ठेवलीत म्हणून थंडी परत आली!" बेकरीवाला थरथरत ओरडला.

"बरं बाबा," मावशी म्हणाली. "भांडण आत येऊन कर. दार उघडं राहिलं की ऊब जाते. आधी बाळ दे इकडे."

त्या एवढ्याशा घरात अख्खं गाव दाटीवाटीने बसलं. बेकरीवाला अजून पुटपुटतच होता. तेव्हा कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्याने त्याला झापलं, "अरे गप! नदीपलीकडच्या गावाने ओंडका न ओंडका जाळलाय. मी परवाच बघून आलो. म्हणून काय वादळ तिकडे गेलं नाही? तिकडूनच तर आलं ते!"

बेकरीवाल्याने मान खाली घातली ती घातलीच.

तीन दिवस वादळ घोंघावलं आणि तीन दिवस मावशीची चूल जळत राहिली. प्रत्येक ओंडका ती जपून, तोलून घालत होती. आणि आत काय गंमत सांगू! गाणी झाली, कोडी झाली, सगळ्यांनी मिळून एकाच पातेल्यातलं मक्याचं सूप प्यायलं.

तिसऱ्या दिवशी पाटील हळूच तिच्याजवळ सरकले.

"मावशी, मान गेला तुझा. आमच्यामुळे गेला. वाईट वाटलं असेल ना?"

"वाटलं," मावशी म्हणाली. "खोटं कशाला बोलू? फार वाटलं. अजून वाटतंय."

मग तिने मांडीवरच्या बाळाच्या मानेवरून हात फिरवला आणि एकदम हसली.

"अहो, पण हे बघा तरी! बाहेर एवढं वादळ, आणि याला घाम आलाय. कोणीतरी याच्या अंगावरचं एक पांघरूण काढा बरं."

बेकरीवाला उठला. त्याने पांघरूण काढलं, आणि सगळ्यांदेखत मावशीच्या पाया पडला.

तात्पर्य काय, तर सगळं गाव नाचत असताना "थांबा" म्हणणाऱ्याला मान मिळत नाही. पण ज्याला खरं कळलंय, त्याने मानासाठी गप्प बसू नये. आणि आपलं खरं ठरलं, की टोमणे मारत न बसता दार आधी उघडावं.