पोशाची कोरडी होडी

कोळ्यांच्या एका गावात एक भोळा गडी राहायचा. नाव पोशा. अंगाने दांडगा, मनाने निर्मळ, आणि सांगितलेलं ऐकण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. सगळी अडचण तिथेच होती.

पोशाचा मामा हिरू नाखवा. नाखव्याच्या होडीचं शीड इतकं फाटलं होतं की मामीने आपली तीन लुगडी फाडून त्याला ठिगळं लावली होती. चौथं तेवढं तिच्या अंगावर उरलं होतं. पौष महिन्यात खाली मालवणकडे शिडाच्या होड्यांची शर्यत होती आणि पहिल्या नंबराला नवंकोरं शीड मिळणार होतं.

मामी नाखव्याला म्हणाली, "शीड घेऊनच या. नाय तर पुढल्या ठिगळाला काय फाडायचं, त्ये तुम्हीच सांगा."

समुद्राने जायचं तर चार दिवस मोडले असते. म्हणून नाखव्याने मासळीच्या टेम्पोवर होडी चढवली. टेम्पो दोघांनाही चालवता यायचा. पहिली पाळी नाखव्याची. पोशा मागे होडीत बसला.

नाखव्याला वाटलं, आतापासूनच याला चार गोष्टी शिकवाव्यात. तो म्हणाला, "पोशा, वारा पाठीमागून आला की शीड चढवायचं. मला इचारत बसायचं नाय."

"बरं मामा, तसंच करीन."

थंडीचे दिवस. वारा उत्तरेचा, टेम्पो दक्षिणेला. घाटाच्या चढावर टेम्पो रांगायला लागला आणि पोशाच्या पाठीला वारा लागला. त्याने कोणाला विचारलं नाही. शीड चढवलं. टेम्पोने चढावरच एसटीला मागे टाकलं. एसटीतल्या दोन म्हाताऱ्यांनी, कुठली देवी चालली आहे असं वाटून, हात जोडले. घाटमाथ्यावर टेम्पो एका पेंढ्याच्या गंजीत घुसला तेव्हा कुठे थांबला.

नाखवा पेंढा झटकत बाहेर आला. "आरं शहाण्या, रस्त्यावर हाव आपण. रस्त्यावर ज्याला वारा लागंल त्ये झाकायचं आन घट्ट बांधायचं."

"बरं मामा, पुढल्या वेळेला तसंच करीन."

आता पोशा चालवायला बसला आणि नाखवा होडीत आडवा झाला. दोन मैलांवर पोशाने मागे वळून पाहिलं. गार वाऱ्याने मामाची शेंडी हलत होती. पोशाने टेम्पो थांबवला, मामावर ताडपत्री घातली आणि सुंभाच्या दोरीने बारा गाठी मारल्या. मामा झोपेचा पक्का, त्याला जाग आली ती तपासणी नाक्यावर. ताडपत्रीतून शिव्या ऐकू यायला लागल्या तशी पोलिसाने काठीने ढोसून पाहिलं.

"ह्यां काय रे? माणूस बांधून खंय नेतस?"

"शर्यतीला," पोशा म्हणाला.

सुटका व्हायला दोन तास गेले. नाखव्याच्या अंगावर दोरीचे वळ उठले होते. तो म्हणाला, "आरं, ज्याच्यात जीव हाय त्याला बांधू नये. बांधलेला दिसला तर सोडावा."

"बरं मामा, पुढल्या वेळेला तसंच करीन."

पुढे एका गावात आठवड्याचा बाजार लागला होता. नाखवा भाकरीबरोबर खायला कांदा आणायला गेला. पोशाला खुंट्यांना बांधलेली तीस शेरडं दिसली. तिसांतही जीव होता. नाखवा कांदा घेऊन परत आला तेव्हा शेरडं मेथीच्या ढिगावर उभी होती, मेथीवाल्या शेरडांच्या मागे होत्या आणि शेरडांचा मालक पोशाच्या मागे होता.

शेरडं गोळा करता करता ऊन कललं. नाखवा मटकन खाली बसला. "पोशा, जे जिथलं, त्येला तिथं सोडावं रं. शेरडू गोठ्यात, कोंबडी खुराड्यात. भर बाजारात नाय."

"बरं मामा, पुढल्या वेळेला तसंच करीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी खाडीच्या पुलाआधी टेम्पो थांबला. नाखवा टपरीवर चहा प्यायला गेला. पोशा विचारात पडला. शेरडू गोठ्यातलं, कोंबडी खुराड्यातली, आणि होडी? त्याने होडी खाली ओढली आणि उतारावरून खाडीत सोडून दिली. ओहोटी लागली होती. होडी एकटीच निघाली.

पौषातल्या सकाळच्या गार पाण्यात नाखव्याला पोहावं लागलं. होडी परत आणली तेव्हा त्याचे दात वाजत होते. "ग... गाढवा, यवढा पूल हाय. डांबरी रस्ता हाय. रस्ता असताना पाण्यात कशाला जायचं?"

"बरं मामा, पुढल्या वेळेला तसंच करीन."

अखेर दोघे शर्यतीच्या किनाऱ्यावर पोहोचले. तिथे एकोणीस होड्या पाण्यात डोलत होत्या, आणि एकाही शिडाला ठिगळ नव्हतं. पण वारा ओळखण्यात त्याला तोड नव्हती, हे त्याला ठाऊक होतं. नवं शीड आपलंच, असं त्याला मनापासून वाटलं.

"मी नंबराची चिठ्ठी आणतो," तो पोशाला म्हणाला. "मला उशीर झाला नि भोंगा वाजला, तर थांबू नको. त्या पलीकडल्या टोकाला दीपस्तंभ दिसतोय ना? आपली होडी तिथं सगळ्यांच्या आधी लागली पायजे."

चिठ्ठीच्या रांगेत नाखव्याला उशीर झाला. भोंगा वाजला. तो धावत आला, तर होडी नाही. टेम्पोकडे बघायला त्याला वेळच नव्हता. त्याचा ऊर भरून आला. पोरगं एकटं निघालं म्हणायचं. किनाऱ्यावर शेवटची एक होडी सुटत होती, नाखव्याने तिच्यात उडी मारली. "भाऊ, माझा भाचा पुढं गेलाय. त्याला गाठायला पायजे. सुकाणू जरा माझ्या हातात द्या."

त्या दिवशी नाखव्याने वारा असा पकडला की किनाऱ्यावरचे लोक उभे राहिले. एक होडी मागे पडली, पाच पडल्या, अठरा पडल्या. पोशा काही दिसेना. नाखवा मनात म्हणाला, केवढा पुढे गेला हा. आणि त्याने आणखी जोर लावला.

ती होडी पहिली आली. ताशे वाजले. नवंकोरं पांढरंशुभ्र शीड त्या होडीच्या मालकाच्या खांद्यावर पडलं आणि त्याने नाखव्याला कडकडून मिठी मारली.

मिठीतून मान काढून नाखव्याने पाहिलं. दीपस्तंभाखाली टेम्पो उभा होता. टेम्पोवर होडी होती. होडीला पाण्याचा थेंबही लागलेला नव्हता. आणि पोशा टपावर बसून शहाळं पीत होता.

तो मायेने म्हणाला, "मामा, किती उशीर. रस्ता असताना पाण्यातून कशाला आलात?"