चौथऱ्यावरचा उद्या

बल्गेरियातल्या एका डोंगरी गावातून साम्यवादी राजवट गेली, पाठोपाठ चौकातला हात उंचावलेला नेत्याचा पुतळाही गेला. मागे उरला भलाथोरला दगडी चौथरा. त्यावर कोरलं होतं : 'उद्या सर्वांना पाव मिळेल.'

मेथडिस्ट पंथाच्या पाद्रीबाई रुमियाना यांना तिथंच प्रार्थनाघर बांधायचं होतं आणि गाव सोडून निघालेल्या पोरांना बेकरीचं काम शिकवायचं होतं. नगराध्यक्ष ग्रोझदेव जुन्या पक्षाचा खंदा माणूस. तो मिशीत हसला. "बांधा की, बाई! फक्त ऐन मधला तो चौथरा हलता कामा नये. त्याचा टवकासुद्धा उडता कामा नये."

बाई रोज त्या दगडापाशी बसून राहत. धुक्यात तो त्यांना कधी नांगरलेली होडी वाटे, कधी मांडलेलं ताट. एका पहाटे धुकं त्यातूनच निघणाऱ्या धुरासारखं दिसलं, आणि बाई स्वतःशीच हसल्या.

हिवाळ्यात चौथऱ्याभोवती भिंती उभ्या होत्या आणि चौथऱ्यावर भट्टी. ताज्या पावाचा वास गावभर तरंगत होता. ग्रोझदेव तरातरा आला. हात उंचावून गरजला, "नेत्याच्या चौथऱ्यावर भट्टी? ही विटंबना आहे!"

"टवका उडालाय का बघा, साहेब," बाई म्हणाल्या. "अक्षरही पुसलेलं नाही. तुमच्या नेत्यानं चाळीस वर्षं ज्या उद्याचा वायदा केला, तो आज उजाडला, एवढंच." त्यांनी गरम पाव पुढे केला.

ग्रोझदेवचा हात क्षणभर पुतळ्यासारखा वरच राहिला. मग हळूच खाली आला आणि पावावर टेकला.