बॉनेटच्या जाळ्या

“तापमानाचा काटा चढतोय, हे तुला कुणी सांगितलं होतं?” बाबालाल मिस्त्रींनी विचारलं.

अभयसिंहाने जीपमधून एक खोकं काढून मिस्त्रींच्या टेबलावर ठेवलं.

“हे बघा चाचा. बॉनेटमध्ये बसवायच्या जाळ्या. इंजिनाची गरमी वरच्या वर निघून जाईल. गाडी पुन्हा तापायचं नाव घेणार नाही.”

मिस्त्रींनी खोकं उघडलं नाही.

“शेजारी कोण बसलं होतं?”

“... सोपान.”

अभयसिंह पाटणकरला गाडी चालवायला शिकवलं ते याच माणसाने. हेळवाकच्या अलीकडे, घाट सुरू व्हायच्या आधी बाबालाल शिकलगारांचं गॅरेज आहे. अठराव्या वर्षी तो तिथे वर्षभर राबला होता. पुढे डोंगरातल्या जीपच्या शर्यतींत त्याने असं नाव काढलं, की परजिल्ह्यातले लोक त्याची गाडी बघायला येऊ लागले. मग गॅरेजकडे यायचं राहून गेलं. आठ वर्षं राहून गेलं.

दीड महिन्यापूर्वीच्या शर्यतीत, खडकाळ चढावर, गाडीतून वाफ उसळली. शेवटची खूण पन्नास पावलांवर होती. शेजारी बसून वाट आणि काटा बघणारा त्याचा जोडीदार सोपान खाली उतरला आणि रेडिएटरचं झाकण उघडताना उकळतं पाणी त्याच्या अंगावर आलं. उजवा हात, खांदा, मान...

एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. मिस्त्रींनाही.

“कुठे बसवायच्या म्हणतोस?” त्यांनी विचारलं.

अभयसिंहाने खडूने दोन चौकोन काढले. काचेच्या अगदी जवळ, एक डावीकडे, एक उजवीकडे.

“इथे. सगळे इथेच बसवतात. दिसतातही झकास.”

मिस्त्री आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात लाल लोकरीचा गुंडा होता. बोटाएवढे तुकडे तोडून ते चिकटपट्टीने बॉनेटभर लावत बसले.

“चाचा, हे काय?”

“चालव. सरळ रस्त्याने. धाग्यांकडे बघ.”

अभयसिंहाने गाडी काढली. वेग घेतला तसे मधले धागे मागे झोपले आणि पत्र्याला चिकटून राहिले. काचेजवळचे मात्र उभे राहिले, गरगरले आणि उलटे, पुढच्या बाजूला वळले.

परत येऊन उतरताच त्याने खडूचे चौकोन पुसले.

“काचेवर आपटून वारा मागे फिरतो,” तो म्हणाला. “तिथे भोक पाडलं असतं, तर वाऱ्याने गरमी आतच दाबली असती.”

मिस्त्रींनी मान हलवली. जाळ्यांची जागा पुढे सरकली, रेडिएटरच्या मागे, जिथे धागे झोपले होते तिथे.

बॉनेट काढून पालथं घातलं. आतून पत्र्याला आधाराच्या पट्ट्या होत्या. त्या वाचवून मिस्त्रींनी आखणी केली, कोपऱ्यांना ड्रिलने भोकं पाडली आणि करवत अभयसिंहाच्या हातात दिली.

“मी?”

“गाडी तुझी आहे.”

दोन तासांनी पत्र्याचे दोन तुकडे खाली पडले. अभयसिंहाने घाईघाईने जाळी उचलली.

मिस्त्रींनी ती त्याच्या हातातून काढून घेतली. कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं आणि कानस पुढे केली.

तो घासू लागला. थोड्या वेळाने मिस्त्रींनी पुन्हा बोट फिरवलं.

“अजून.”

तो घासत राहिला.

“अजून.”

“चाचा, कड जाळीखाली झाकली जाणार आहे. कोण बघतंय?”

मिस्त्री शेजारी बसून रिव्हेटा निवडत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

ऊन कलू लागलं. गॅरेजात कानशीचा तेवढा आवाज. अभयसिंहाचे खांदे भरून आले. मघापासून मनात अडकलेलं काही तरी त्या आवाजाबरोबर मोकळं होत होतं, आणि ते त्याला नको होतं.

“तीनदा म्हणाला होता,” तो अचानक बोलला.

मिस्त्रींचे हात थांबले.

“दादा, काटा चढतोय. तीनदा. मी म्हटलं, चढू दे.”

“आणि झाकण?” मिस्त्रींनी हळूच विचारलं.

“मीच ओरडलो. उतर, झाकण काढ, पाणी ओत, वेळ चाललाय. तो म्हणाला, जरा निवू दे... मी शिवी दिली, चाचा. आईवरून. मग तो उतरला.”

कानस थांबली होती. अभयसिंहाने कडेवरून बोट फिरवलं. कुठेच टोचलं नाही.

“पहिल्या दिवशी दवाखान्यात गेलो होतो. तो झोपला होता. त्यानंतर गेलो नाही, त्याला घरी सोडलं तरी नाही. म्हटलं, आधी गाडी नीट करू. मग तोंड दाखवू.”

उघड्या पत्र्याला गंज धरू नये म्हणून मिस्त्रींनी कडेला रंगाचा हात दिला. रंग वाळेपर्यंत दोघांनी चहा घेतला. मग जाळ्या बसल्या, एकेक रिव्हेट ठोकून, चोख. बॉनेट जागेवर गेलं.

“चल,” मिस्त्री म्हणाले आणि सोपानच्या जागेवर जाऊन बसले.

गॅरेजमागच्या डोंगरात लाकूड वाहणाऱ्या ट्रकांची एक जुनी वाट होती. मोठाले दगड, सुटी माती, अंगावर येणारा चढ. अभयसिंहाने खालचा गिअर टाकला. जीप चढू लागली.

जाळ्यांतून गरम हवा वर येत होती. तिच्याआडून समोरचा डोंगर पाण्यातल्यासारखा हलत होता. काटा मध्यावर आला आणि तिथेच राहिला.

अभयसिंहाला हसू फुटलं. दीड महिन्यात पहिल्यांदाच.

“बघितलंत चाचा? बघितलंत?”

अर्धा चढ गेला. पाऊण गेला. माथ्यावरची करवंदीची झुडपं दिसू लागली. शेवटचा टप्पा सगळ्यात खडा होता. इंजिन गुरगुरलं.

“काटा चढतोय,” मिस्त्री म्हणाले.

“आलंच, चाचा. थोडंच राहिलंय.”

मिस्त्रींनी दुसऱ्यांदा सांगितलं नाही.

गाडी मुंगीच्या पावलाने चालली होती. सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसाने दांड्याला धरलं, एक पाय बाहेर काढला आणि चालत्या गाडीतून खाली उतरला. दगडावर तोल गेला, गुडघा टेकला, मग उभा राहिला.

अभयसिंहाने करकचून ब्रेक लावला.

“चाचा!... पडला असतात! चाकाखाली आला असतात!”

मिस्त्री गुडघ्याची माती झटकत होते.

त्याने हँडब्रेक ओढला, चाकामागे दगड लावला आणि धावत त्यांच्याजवळ गेला. मागे इंजिन चालूच होतं. हळूहळू त्याचा सूर खाली आला, आणि काटाही.

“जाळ्या काम करताहेत ना?” शेवटी अभयसिंहाने विचारलं. त्याचा आवाज बारीक झाला होता.

“उत्तम करताहेत. चांगलं काम केलंस.”

“मग...?”

मिस्त्री एका दगडावर बसले. अभयसिंह त्यांच्या पायाशी बसला. माथा तिथून वीस पावलांवर होता. त्याने तिकडे पाहिलं नाही.

“चाचा, मी काय करू?”

“सोपानकडे जा.”

अभयसिंहाने डोळे पुसले.

“जातो. आत्ताच निघतो. ही गाडी घेऊनच जातो. जाळ्या बघितल्या की त्यालाही बरं वाटेल.”

“गाडी इथे राहू दे.”

“त्याची वस्ती पार वर आहे, चाचा. एस.टी.सुद्धा जात नाही.”

“ठाऊक आहे.”

“मग जाऊ कसा?”

मिस्त्रींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्याच आधाराने उठून उभे राहिले.

“चालत जा. चढ खडा आहे... दम लागला की थांब.”