ठकूच्या अंजिराचा डोळा

चिकाचं झाड उंबऱ्याच्या आत आणायचं नाही. आणलं, तर घरातलं माणूस जातं. कुणाचं गेलं होतं, कधी गेलं होतं, ते विचारायचं नाही.

गारमाळात नवी सून माप ओलांडायला उभी राहिली की आधी तिच्या कानात हा नियम पडायचा. बरं, असंच म्हणतात. कोण म्हणतं, तेही विचारायचं नसे.

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. तेव्हा घाटात गाडीवाट नव्हती, आणि गारमाळ हे माथ्यावरचं शेवटचं गाव होतं. पाऊस संपेपर्यंत ते धुक्यात बुडालेलं असे. पौषात इतका गारठा पडे, की पहाटेचं दव गवतावरच गोठून पांढरं होई. गावात त्याला ‘मीठ पडलं’ म्हणत. मीठ पडलं की वालाची वेल एका सकाळीत काळी पडे, आणि म्हातारी माणसं चुलीपासून हलत नसत.

अशा गावात कऱ्हेकाठची ठकू सून होऊन आली. कऱ्हेकाठ म्हणजे उन्हाचा मुलूख. तिच्या माहेरी बांधाबांधाला अंजीर होतं. आईनं पाठवणीच्या वेळी त्याचा वीतभर फाटा ओल्या फडक्यात गुंडाळून तिच्या ओटीत घातला आणि म्हणाली, “वर गारठा फार आहे, पोरी. याला जीव लाव. आणि फळं धरली की डोळ्यात तेल घालायला विसरू नको.”

ठकूनं मान हलवली. रडता रडता हलवली. सोळा वर्षांच्या मुलीला अशा वेळी कोण काय सांगतंय ते नीट ऐकू येतं का?

गारमाळात हातभर खणलं की जांभा लागतो. म्हणून ठकूनं सासरच्या अडगळीतलं फुटकं घंगाळ घेतलं, त्यात शेणमाती भरली आणि फाटा लावला. तो जगला. अंजीर चिकाचं, म्हणून ते अंगणातच राहिलं; ऊन जिकडे सरके तिकडे ती घंगाळ ओढत नेई. दुसऱ्या वर्षी झाड तिच्या खांद्याला लागलं. आश्विनात त्याला फळं धरली, आणि तिथंच सगळं अडलं. बोराएवढी झाली, आवळ्याएवढी झाली, आणि पौष लागताच हिरवीगार, टणक होऊन बसली. मग मीठ पडलं आणि एकेक करून गळाली.

“ठकूची बोंडं!” सासू बयाबाई ओट्यावरून ओरडायची. “ए भवाने, कपाशीला तरी कापूस येतो!”

“पिकतील, आत्याबाई.”

“पिकतील तेव्हा मला उठव. तोवर मी झोपते.”

पण ठकू काही झोपली नाही. आईचा शब्द तिनं पदराच्या गाठीसारखा जपला होता. डोळ्यात तेल घालायचं. मग ती डोळ्यांत तेल घालून बसली. बुलबुल हाकलले, मुंग्या झटकल्या, पानं पुसली. भाकरी थापता थापता दारातून झाडाकडे बघायची. असं म्हणतात, की त्या तीन वर्षांत तिची पापणी कधी पुरती मिटली नाही. बयाबाई शेजारणींना सांगायची, “आमच्या सुनेनं नवरा केलाय तो झाडासाठी. पाणी शेंदायला माणूस हवा ना!”

आणि तरी संध्याकाळी, चुलीपुढे बसलं की बयाबाईच विचारायची, “कसं असतं गं ते पिकल्यावर?” ठकू सांगायची, वरून जांभळं, आतून लाल. दातांखाली बारीक बिया कुरकुरतात. मधाचा थेंब बाहेर येतो आणि बोटं चिकट होतात. बयाबाई ऐकायची आणि म्हणायची, “पुरे. थापा मारू नको.”

तिसऱ्या वर्षीच्या पौषात बयाबाई आजारी पडली. ताप हटेना, पेज घशाखाली उतरेना. वैदूचा काढा तिनं भिंतीवर थुंकला. पाचव्या दिवशी घरात दुसरं कुणी नव्हतं, तेव्हा तिनं सुनेचा हात ओढला.

“ठके, पिकलं का गं एखादं?”

ठकू बघतच राहिली.

“बघतेस काय? तीन वर्षं हसले तुला. पण तू सांगायचीस तेव्हा तोंडाला पाणी सुटायचं. आता तेवढंच घशाखाली जाईल असं वाटतंय.”

झाडावर एकच फळ उरलं होतं. चांगलं लिंबाएवढं झालं होतं, आणि पोटाखालची बारीक खळी नुकती लालसर व्हायला लागली होती. अजून आठ दिवस ऊब मिळायला हवी होती. तोडून अढीत घालावं, तर अंजीर काही आंबा नव्हे. ते झाडावरच पिकावं लागतं. आणि आभाळ त्या संध्याकाळी काचेसारखं स्वच्छ झालं होतं, वारा पडला होता. उद्या मीठ पडणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

ठकूनं घंगाळाला हात घातला. ओट्यावर सासरे बाळोजी बसले होते, गावची आणखी दोन थोरली माणसं बसली होती.

“कुठं नेतेस?”

“चुलीपाशी, मामंजी. आत्याबाईंना ते फळ हवंय.”

“चिकाचं झाड उंबऱ्याच्या आत? आणि घरात आजारी माणूस असताना? तुला सासू नकोशी झालीय का?”

“पण आत्याबाईच म्हणाल्या...”

“तापात माणूस काहीही म्हणतं. ठेव खाली.”

आणि ठकूनं ते खाली ठेवलं.

गाव तिच्या नावानं पुष्कळ काही सांगतं, पण हे वाक्य हळू आवाजात सांगतं. तिनं ते खाली ठेवलं. स्वतःची घोंगडी तिनं झाडावर पांघरली आणि मुकाट्यानं आत गेली.

सकाळी अंगण पांढरं झालं होतं. घोंगडी कडक झाली होती. खाली पानं काळी पडून लोंबत होती, आणि फळ हातात घेतलं तर दगडासारखं. बयाबाईनं आतून विचारलं, “पिकलं?” ठकू म्हणाली, “आज नाही, आत्याबाई. उद्या.” बयाबाईनं डोळे मिटले. त्यानंतर पाच दिवसांनी ती गेली.

दहाव्याला कऱ्हेकाठहून ठकूचा भाऊ भाना आला. उत्तरकार्य झाल्यावर तो अंगणात त्या वाळक्या झाडापाशी थांबला.

“एकही पिकलं नाही? तीन वर्षांत?”

“एकही नाही.”

“डोळ्यात तेल घातलं नाहीस?”

ठकूच्या अंगाची लाहीलाही झाली. “घातलं नाही? अरे, तीन वर्षं दिवसरात्र डोळ्यांत तेल घालून बसलेय मी! बघ हे डोळे!”

भाना गोंधळला. मग हळूच म्हणाला, “तुझ्या डोळ्यात नाही गं, अक्का. फळाच्या.”

त्यानं खाली पडलेलं एक सुकलं बोंड उचललं, उलटं केलं आणि देठाच्या विरुद्ध बाजूची ती बारीक खळी दाखवली. “हा डोळा. लाल व्हायला लागला की गवताच्या काडीनं तेलाचा एक थेंब यात सोडायचा. आठवड्यात पिकायचं ते चार दिवसांत पिकतं. आई दर वर्षी करायची. तू बघितलं नाहीस?”

ठकूनं बघितलं होतं. लहानपणी शंभरदा बघितलं होतं. आई झाडाखाली वाटी घेऊन उभी राहते, एवढंच तिच्या लक्षात होतं. काय करते, ते कधी विचारलं नव्हतं.

असं म्हणतात, की ठकू त्या दिवशी हसली, आणि तिचं हसणं ऐकून घरातली माणसं रडली. घरात कारळाच्या तेलाचा बुधला भरलेला होता. रोज दिव्यात घालत होते, डोक्याला चोपडत होते. एक थेंब हवा होता. एक थेंब, आणि उंबऱ्याच्या आत तीन हात जागा.

वाळलेलं झाड तिनं कोयत्यानं बुडापर्यंत छाटलं. वैशाखात त्याच बुडख्यातून तीन कोंब फुटले. आश्विनात फळं धरली. पौष आला, आभाळ स्वच्छ झालं, वारा पडला. ओट्यावर तीच थोरली माणसं बसली होती. ठकूनं घंगाळाला हात घातला. चौघांना न उचलवणारं ते घंगाळ तिनं एकटीनं कमरेवर घेतलं, पाण्याची कळशी घ्यावी तसं. निदान असं म्हणतात.

“ठके!” बाळोजी उठून दारात आडवे झाले. “नियम ठाऊक आहे ना?”

“ठाऊक आहे.”

“मग ठेव खाली.”

“गेल्या पौषात ठेवलं होतं, मामंजी. झाड बाहेर होतं. मग आत्याबाई कशानं गेल्या?”

ओट्यावरच्या एकानं खाकरून घसा साफ केला. दुसऱ्यानं पागोटं सारखं केलं.

“नाही ठेवणार,” ठकू म्हणाली. बाळोजी बाजूला झाले आणि ती आत गेली.

म्हणतात, की त्या वर्षी बाहेर चार वेळा मीठ पडलं, आणि ठकूच्या चुलीमागच्या भिंतीशी झाड हिरवंगार राहिलं. तिनं फळाफळाच्या डोळ्यात काडीनं तेल सोडलं. पाचव्या सकाळी घरात असा वास सुटला, की ऐन गारठ्यात मधमाश्या कौलांच्या फटींतून आत आल्या. अख्ख्या गावानं फळं खाल्ली. बाळोजींनीही खाल्लं. ठकूनं मात्र आयुष्यभर त्या झाडाचं फळ तोंडात घातलं नाही, असं म्हणतात, आणि यावर कुणीही शंका घेत नाही.

आज गारमाळात घरोघरी अंजीर आहे, कुणाचं डब्यात, कुणाचं जुन्या बादलीत. पहिलं पिकलेलं फळ कुणी खात नाही. ते बयाबाईचा वाटा म्हणून आतल्या खाटेच्या उशाशी ठेवतात. आणि पौषात आभाळ स्वच्छ झालं, वारा पडला, की घरची सून झाड उचलून उंबऱ्याशी येते. थोरली माणसं ओट्यावर बसलेली असतात. त्यांच्यातलं कुणीतरी रीतीप्रमाणे म्हणतं, “ठेव खाली.”

सून विचारते, “झाड बाहेर होतं. मग बयाबाई कशानं गेल्या?”

उत्तर अजून कुणाला सुचलेलं नाही. ती “नाही ठेवणार” म्हणून आत जाते, आणि झाड चुलीपाशी टेकेपर्यंत ओट्यावर कुणी बोलत नाही.